मुलगा प्रशिक्षणाला निघाला. घराची तयारी झाली का?

भरतीचा निकाल लागतो, देवाला नारळ ठेवला जातो, शेजारीपाजारी पेढे वाटले जातात आणि पुढचे सगळे दिवस मुलाची ट्रंक भरण्यात जातात. प्रशिक्षण केंद्राने दिलेली यादी हातात घेऊन दाखले, छायाचित्रे, कपडे यांची जमवाजमव होते. त्याच्या पश्चात घर कसे चालावे याची यादी मात्र कोणी पाठवत नाही. ती घरच्यांनाच करावी लागते आणि बहुतेक घरांत ती होतच नाही. त्यामुळे पहिल्या महिन्या-दीड महिन्यात ज्या अडचणी उभ्या राहतात, त्यांतल्या बऱ्याचशा निघण्यापूर्वीच्या एका आठवड्यात टाळता आल्या असत्या. त्या एका आठवड्यात काय करावे, याचा हा आढावा.

किती काळ आणि कुठे?

गोव्याच्या दोन्ही जिल्ह्यांची लष्करभरती कोल्हापूरच्या भरती कार्यालयाकडून, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सांगली, सातारा आणि सोलापूर या जिल्ह्यांबरोबर होते. पायदळात निवड झालेल्या इथल्या अनेक तरुणांची वाट बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंटल सेंटरकडे जाते. अग्निवीरांचे तेथील प्रशिक्षण सुमारे ३१ आठवड्यांचे असते. नौदलाचे अग्निवीर ओडिशातील आयएनएस चिल्का येथे सुमारे १६ आठवडे काढतात, तर हवाई दलाच्या अग्निवीरांचे प्रशिक्षण बेळगावजवळच्या सांबरा येथे होते. त्यानंतर कामाच्या स्वरूपानुसार पुढचे प्रशिक्षण किंवा थेट पलटणीत नेमणूक.

३१ आठवडे म्हणजे सात महिने. या काळात चवथ, दिवाळी, नाताळ किंवा शिगमो यांपैकी एखादा सण येणारच. माटोळी बांधायला तो नसेल, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आधीच स्पष्ट सांगितलेले बरे. ‘सणाला दोन दिवस सोडतील’ या आशेवर राहिलेल्या घराला ऐन सणात जास्त त्रास होतो.

बेळगाव चोर्ला घाटाने काही तासांवर आहे, म्हणून ‘मनात आले की भेटून येऊ’ असेही काहींना वाटते. प्रशिक्षण केंद्रात भेटीचे दिवस आणि वेळ केंद्र ठरवते. न कळवता गेटवर पोहोचलेल्या आई-वडिलांना बहुधा तसेच परतावे लागते आणि मुलालाही त्याचे वाईट वाटत राहते.

पहिल्या आठवड्यांचे मौन

घरच्यांना सर्वाधिक जड जाते ती संपर्काची टंचाई. प्रशिक्षणार्थींच्या मोबाइल वापरावर केंद्रात निर्बंध असतात. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, थोडाच वेळ बोलता येते. पहाटे सुरू झालेला दिवस कवायत, धावणे, शस्त्र प्रशिक्षण, वर्ग आणि साफसफाई यांत रात्री संपतो. दहा दिवस फोन आला नाही, तर बहुधा त्याला वेळ किंवा परवानगी मिळालेली नसते, एवढाच त्याचा अर्थ. निघण्यापूर्वीच एक गोष्ट ठरवून घ्यावी: फोन आला की तो कोणाला येणार आणि इतरांना निरोप कोण देणार. चार नातेवाइकांनी चार वेळा फोन लावण्यापेक्षा एकाच नंबरावर निश्चित निरोप मिळणे त्यालाही सोपे जाते.

त्या मोजक्या मिनिटांत काय बोलावे, यालाही महत्त्व आहे. सुरुवातीच्या आठवड्यांत बरेच जण रडवेले बोलतात, परत यायचे म्हणतात. त्या क्षणी ‘ये परत’ म्हणणे जितके घातक, तितकेच ‘गावात नाक कापू नकोस’ म्हणणेही. ऐकून घ्यावे, जेवण-झोपेची चौकशी करावी, घरचे साधेसुधे काही सांगावे आणि पुढच्या फोनची वाट पाहावी. पायाच्या नडगीत सतत दुखत असेल, तर ‘सहन कर’ असा सल्ला देऊ नये. धावण्याचा अचानक वाढलेला भार हाडाला बारीक तडे पाडू शकतो. नव्या सैनिकांत ही दुखापत जगभर आढळते. ती लपवली की वाढते. केंद्राच्या वैद्यकीय कक्षात वेळीच दाखवायला त्याला सांगावे.

पत्र हा मार्ग आजही उपयोगी पडतो. फोनची वेळ संपते, पत्र मात्र बराकीत पुन्हा पुन्हा वाचता येते. त्यासाठी त्याचा सैनिक क्रमांक, कंपनी आणि केंद्राचा पूर्ण पत्ता पहिल्याच फोनवर लिहून घ्यावा.

ओटीपी कोणाच्या फोनवर येतो?

आजच्या बहुतेक घरांत ऑनलाइन कामे करणारी व्यक्ती म्हणजे घरातला तरुण मुलगा. विजेचे बिल, गॅसची नोंदणी, आजीच्या बँक खात्याचा मोबाइल क्रमांक, वडिलांचे आधार, गाडीचा फास्टॅग, बहिणीच्या प्रवेशाचा अर्ज, असे सगळे त्याच्याच नंबराशी जोडलेले असते. तो केंद्रात गेला आणि फोन बंद झाला की ओटीपी येतो तो बंद फोनवर. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे किंवा गृह आधारचे पैसे अडले, तर चौकशी कुठे करायची हेही मग घरात कोणाला ठाऊक नसते.

म्हणून निघण्यापूर्वी एक दिवस यासाठी काढावा. घरातील प्रत्येकाच्या आधार व बँक खात्याला स्वतःचा किंवा घरातच राहणाऱ्या दुसऱ्या कोणाचा नंबर जोडावा. बिले कोणत्या तारखेला, कुठे आणि कशी भरायची, हे एका वहीत लिहावे. विम्याच्या पॉलिसी, कर्जाचे हप्ते, गाडीचा विमा आणि त्याचे नूतनीकरण यांच्या तारखाही त्याच वहीत याव्यात. त्याचा पासवर्ड किंवा एटीएमचा पिन मात्र कोणाला देऊ नये. घरखर्चासाठी दरमहा ठरावीक रक्कम आपोआप घरच्या खात्यात जाईल, अशी सूचना बँकेला देता येते.

पगाराचा हिशेब

अग्निवीराला पहिल्या वर्षी दरमहा ३० हजार रुपये वेतन आहे. त्यातले ९ हजार सेवानिधीत जमा होतात आणि हातात २१ हजार येतात. सरकार तेवढीच रक्कम सेवानिधीत घालते. चौथ्या वर्षी वेतन ४० हजार होते, तेव्हा हातात २८ हजार पडतात. चार वर्षांनंतर व्याजासह सुमारे ११.७१ लाख रुपये मिळतात. निवृत्तिवेतन किंवा ग्रॅच्युइटी नाही. सेवाकाळात ४८ लाख रुपयांचे विमा संरक्षण असते आणि त्यासाठी हप्ता भरावा लागत नाही.

हे आकडे घरातल्या सर्वांनी एकत्र बसून पाहावेत. ‘मुलगा मिलिटरीत लागला’ एवढ्या भरवशावर घरदुरुस्तीचे किंवा गाडीचे कर्ज काढणारी कुटुंबे ३० हजारांचा हिशेब धरतात आणि पहिल्याच महिन्यात ९ हजारांनी चुकतात. पुढे कायम सेवेत घेतले जाण्याची मर्यादा तुकडीच्या २५ टक्क्यांपर्यंत आहे, हेही कर्जाची मुदत ठरवताना लक्षात ठेवावे. विमा व सेवानिधीसाठी वारस म्हणून कोणाचे नाव दिले, ते मुलाला विचारून घ्यावे. हा प्रश्न अशुभ मानून टाळला जातो. वेळ आल्यावर उत्तर नसले, तर कुटुंबाची फरफट होते.

जमिनीच्या कागदावर त्याची सही

गोव्यात एक अडचण शेजारच्या राज्यांपेक्षा वेगळी आहे. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यानुसार इथे मुला-मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क आहे. पती-पत्नींपैकी एकाला दुसऱ्याच्या संमतीवाचून स्थावर मालमत्ता सर्वसाधारणपणे विकताही येत नाही. वाटणीची प्रक्रिया २०१२ च्या उत्तराधिकार व इन्व्हेंटरी कायद्याखाली चालते आणि तीत वारसांबरोबर त्यांचे जोडीदारही पक्षकार असतात. एक सही नसली की कागद अडतो.

आजोबांची वाटणी, भाटाचा सौदा किंवा मुंडकार घराचा दावा चालू असेल, तर निघण्यापूर्वीच वकिलाकडे जावे. सज्ञान मुलाने विश्वासातील व्यक्तीच्या नावे मुखत्यारपत्र करून द्यावे आणि ते एका विशिष्ट कामापुरतेच मर्यादित असावे. सर्वाधिकार देणारे मुखत्यारपत्र सोयीचे वाटते, पण भावाभावांतल्या कित्येक भांडणांचे मूळ तेच ठरते. भरती साडेसतराव्या वर्षापासून होते. मुलगा अठराच्या आतील असेल, तर मुखत्यारपत्राचा मार्ग खुला नसतो. अशा वेळी पालकांच्या अधिकारात काय करता येते, हे वकिलालाच विचारावे.

कोणत्या कारणासाठी बोलवायचे?

प्रशिक्षणार्थी दीर्घकाळ गैरहजर राहिला, तर त्याला मागच्या तुकडीत टाकले जाऊ शकते. म्हणजे सोबती पुढे जातात आणि तो अनोळखी मुलांत तेच आठवडे पुन्हा काढतो. चुलत बहिणीचे लग्न, घरातील वास्तुशांत, काकांचा ताप यांसाठी ‘काहीतरी सांगून ये’ असा आग्रह धरणारे त्याची ही किंमत लक्षात घेत नाहीत. दुसऱ्या टोकाला, ‘त्याचे लक्ष विचलित नको’ म्हणून आईचे गंभीर आजारपण लपवणारी घरेही आहेत. सत्य नंतर कळलेला मुलगा ते सहसा विसरत नाही.

यावर उपाय एकच: त्याच्याशी बसून, तो घरात असतानाच ठरवावे. आई-वडील, भावंडे यांचे गंभीर आजारपण किंवा मृत्यू लगेच कळवायचा; बाकीचे पुढच्या फोनवर. खऱ्या संकटात त्याच्या मोबाइलची वाट न पाहता केंद्राच्या कार्यालयाशी संपर्क साधावा, सैनिक क्रमांक सांगावा आणि रुग्णालयाचा लेखी दाखला तयार ठेवावा. रजेच्या कारणाची पडताळणी होऊ शकते, म्हणून सांगितलेले कारण खरेच असावे.

नेमक्या याच भीतीचा फायदा भामटे घेतात. ‘तुमच्या मुलाला प्रशिक्षणात अपघात झाला, ताबडतोब पैसे पाठवा’ असा फोन आला, तर पैसे पाठवू नयेत. केंद्राच्या नोंदवलेल्या क्रमांकावर स्वतः फोन करून खात्री करावी आणि फसवणूक झाली असल्यास तत्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. त्याचा गणवेशातील फोटो, तुकडी, ठिकाण समाजमाध्यमांवर टाकणेही टाळावे. २०२० च्या जुलैमध्ये लष्कराने आपल्या जवानांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ ॲप्स काढून टाकण्याचे आदेश दिले होते. नियम वेळोवेळी बदलतात, पण त्यांमागचे कारण तेच आहे आणि घरच्यांच्या मोबाइललाही ते तितकेच लागू पडते.

विवाहित जवानाच्या घरी

अग्निवीर भरतीसाठी अविवाहित असणे बंधनकारक आहे. नियमित सेवेतील विवाहित जवान मात्र बढतीपूर्व किंवा विशेष प्रशिक्षणासाठी काही आठवडे ते काही महिने जातात. महू, देवळाली, पुणे, बेळगाव ही त्यांतली परिचित ठिकाणे. तेव्हा सारा भार पत्नीवर येतो. विवाह आणि मुलांचा जन्म यांची नोंद सैनिकाच्या सेवा अभिलेखात ‘पार्ट टू ऑर्डर’ने झाली आहे का, हे तिने त्याच्याबरोबर तपासावे. ही नोंद नसेल, तर उपचारांपासून भत्त्यांपर्यंत सगळे अडते. गोव्यात विवाहाची नागरी नोंदणी दोन टप्प्यांत होते. दुसरा टप्पा राहून गेलेली जोडपी आजही भेटतात. तो आधी पूर्ण करावा. बँकेत ‘दोघांपैकी कोणीही’ व्यवहार करू शकेल असे संयुक्त खाते असावे. वास्को येथील आयएनएचएस जीवन्ती किंवा अन्य सेना रुग्णालयात दाखवण्यासाठी लागणारे अवलंबितांचे कार्ड तिच्याच हाती असावे.

लहान मुलांना ‘बाबा उद्या येतील’ असे सांगू नये. दिनदर्शिकेवर परतण्याच्या महिन्याची खूण करावी आणि वर्गशिक्षिकेला कल्पना द्यावी. मूल अचानक हट्टी झाले किंवा गप्प झाले, तर तिला त्याचे कारण ठाऊक असेल.

मदत कोठे मिळते?

सैनिक कल्याणाचे काम केवळ माजी सैनिकांसाठी आहे, हा समज चुकीचा आहे. सेवेतील सैनिकांच्या कुटुंबीयांच्या अडचणी ऐकणे हेही राज्य सैनिक मंडळाचे काम आहे. महिला व मुलांना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये खास सैनिक कुटुंबांसाठी वीर परिवार सहायता योजनाही सुरू केली. मनावरचा ताण असह्य झाला, तर टेली मानसचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे. सशस्त्र दलांतील कर्मचारी व त्यांच्या कुटुंबीयांसाठी या सेवेचा स्वतंत्र कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला.

प्रशिक्षण संपते ते कसम परेडने. आई-वडिलांना निमंत्रण असते, त्यांना गौरव पदक देण्याची प्रथाही आहे. त्या दिवशी भेटणारा मुलगा अंगाने काटक झालेला असतो, पहाटे उठतो, कमी बोलतो. रजेवर आल्यावर पहिल्याच दिवशी त्याच्यापुढे साठलेल्या कामांची यादी ठेवू नये. सात महिने वही नीट लिहिली गेली असेल, तर तशी यादी उरणारही नाही.