काचतंतू-प्रबलित जलवाहिन्यांचे टिकाऊपण : '५० वर्षे' या आकड्याचा अर्थ

प्रस्तावना :
काचतंतू व रेझिन यांच्या संयुक्त पदार्थापासून बनविलेला जीआरपी नळ लोखंडाप्रमाणे गंजत नाही आणि वजनाने हलका असतो. म्हणून पाणीपुरवठा योजनांत त्याचा वापर केला जातो. त्याचे आयुष्य सामान्यतः ५० वर्षे सांगितले जाते. हा आकडा कसा काढला जातो, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पाण्याचा परिणाम :
पाण्याचे रेणू रेझिनमध्ये हळूहळू शिरतात. त्यामुळे रेझिन किंचित फुगते व मऊ पडते. वाळल्यावर हा बदल बव्हंशी भरून निघतो. दुसरा बदल मात्र कायमचा असतो. पॉलिएस्टर रेझिनमधील एस्टर बंध तुटतात, काचतंतू व रेझिन यांची पकड सैल होते आणि सतत ताणाखाली असलेल्या तंतूंचे बळ घटते. उष्णतेने या क्रियांचा वेग वाढतो.

आयुर्मानाचे गणित :
एएसटीएम डी २९९२ या अमेरिकी मानकातील स्थिर दाबाच्या पद्धतीत किमान १८ नमुने निरनिराळ्या दाबांखाली निकामी होईपर्यंत ठेवतात. त्यांपैकी किमान एक १०,००० तासांनंतर, म्हणजे सुमारे १४ महिन्यांनंतर, निकामी व्हावा लागतो. ताण व काळ यांच्या लॉगरिदमांचा आलेख काढून त्याची सरळ रेषा ५० वर्षांपर्यंत, म्हणजे ४,३८,००० तासांपर्यंत, वाढविली जाते.

येथे रेषेचा उतार निर्णायक ठरतो. उदाहरणादाखल, काळ दसपट होताना एका नळाचे बळ १० टक्क्यांनी व दुसऱ्याचे १५ टक्क्यांनी घटते असे मानू. पहिल्या तासाला दोघांचे बळ समान असले, तरी ५० वर्षांनी पहिल्यात सुमारे ५५ टक्के, तर दुसऱ्यात केवळ ४० टक्के बळ उरेल. कारखान्यात काही मिनिटे दिलेल्या दाबाच्या चाचणीत हा फरक दिसणे शक्य नाही.

मर्यादा :
हानीचे स्वरूप पुढेही तेच राहील, हे या पद्धतीत गृहीत धरलेले असते. शिवाय खंदकातील भराव सैल राहिल्यास नळ चपटा होऊन आतील अस्तरावर ताण येतो. हाताळणीतील घावामुळे पाण्याला तंतूंपर्यंत वाट मिळते. या गोष्टी आलेखात येत नाहीत.

निष्कर्ष :
'५० वर्षे' ही हमी नसून सांख्यिकीय अनुमान आहे. म्हणून खरेदी करणाऱ्या संस्थेने त्याच रेझिनच्या, त्याच काचतंतूच्या व त्याच रचनेच्या नळाचा दीर्घकालीन चाचणी-अहवाल मागणे आणि नळ टाकतानाच्या कामावर देखरेख ठेवणे आवश्यक आहे.