विचारवंत कोणाला बांधील असतो?

खानदेशातल्या पारोळ्याच्या पश्चिमेला धुळे आहे, उत्तरेला अमळनेर. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्राला विचार पुरवणारी ही दोन गावे होती, हे आज खानदेशातही फारसे आठवले जात नाही. अमळनेरला १९१६ मध्ये गिरणीमालक प्रतापशेठजींच्या आश्रयाने तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले, आणि पुढच्याच महिन्यात त्यांचा कागदपत्रांचा संग्रह जपण्यासाठी तिथल्या मंडळींनी संशोधन मंडळ काढले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते टिपून घेत. त्या टिपणांचा पुढे गावोगाव वाचला गेलेला ग्रंथ असा कैद्यांसमोर जन्मला. या इतिहासातून एक गोष्ट दिसते. विचारवंताचे सामाजिक वजन त्याच्या विद्वत्तेइतकेच त्याच्या बांधिलकीतून येते. त्याला जाब विचारू शकणारी माणसे त्याच्या जवळ असावी लागतात. आज बोलणारे वाढले आहेत, हा जवळचा जाब मात्र उरलेला नाही.

साने गुरुजींचे उदाहरण यासाठी नीट पाहिले पाहिजे. तत्त्वज्ञान मंदिरात शिकायला आलेला हा तरुण १९२४ मध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाला, छात्रालयातल्या मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढू लागला, आणि १९३० मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात उतरला. १९३८ मध्ये त्यांनी अमळनेरहून ‘काँग्रेस’ साप्ताहिक सुरू केले. ज्या गावाच्या विद्यासंस्था गिरणीमालकाच्या औदार्यावर उभ्या होत्या, त्याच गावात ते गिरणी कामगारांच्या बाजूने उभे राहिले. १९४७ मध्ये पंढरपूरचे मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून उपोषणाला बसण्यापूर्वी त्यांनी महिनोन्‌महिने महाराष्ट्र पालथा घातला आणि विरोधकांचे म्हणणे समोरासमोर ऐकले. उपोषण सोडावे असे खुद्द गांधीजींनी कळवले, तरी ते मागे हटले नाहीत. आपण कोणासाठी बोलतो आणि कोणाला उत्तर देणे लागतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते, म्हणूनच हे धैर्य शक्य झाले.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. तो काळ गौरवावा असा होता कोणासाठी? राजवाडे, विनोबा, साने गुरुजी हे सारे उच्चवर्णीय, शिकलेले पुरुष. जळगावच्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या रचना पुस्तकरूपाने आल्या त्या १९५२ मध्ये, त्यांच्या निधनानंतर. मोठ्या समाजाला विचार करण्याचा अधिकारच नाकारला गेला होता. ही कोंडी फोडणाऱ्यांत धुळ्याचे कॉम्रेड शरद पाटील अग्रभागी होते. जातीचा प्रश्न बाजूला सारणारा पक्ष सोडून त्यांनी १९७८ मध्ये सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला; १९८२ मध्ये त्यांचा ‘दासशूद्रांची गुलामगिरी’ हा ग्रंथ आला. मात्र त्यांनी बांधिलकी सोडली नाही, दुप्पट केली. एकीकडे आदिवासींच्या लढ्यांत राहायचे आणि दुसरीकडे चाळिशी ओलांडल्यावर पाणिनीचे व्याकरण शिकून मूळ ग्रंथ तपासायचे, अशी त्यांची रीत होती. विचाराचा अधिकार सर्वांचा झाला पाहिजे, आणि अधिकारासोबत जबाबदारीही आली पाहिजे, हे त्यांच्या कामातून सिद्ध होते.

दुसरा आक्षेप असा की पारोळ्यातल्या मुलीला मोबाइलवर जगातला कोणताही विद्वान ऐकता येतो, मग गावात विचारवंत हवाच कशाला? ऐकायला मिळते, हे खरे आणि मोलाचेही आहे. पण कापसाच्या भावाचा, बोरी नदीच्या पाण्याचा, तालुक्यातल्या शाळांचा प्रश्न त्या विद्वानासमोर कधी येतच नाही. चुकीचे बोलल्याची किंमत त्याला इथे मोजावी लागत नाही. टीव्हीवरच्या चर्चेत तर उत्तर देण्यापेक्षा पक्ष घेण्यालाच भाव आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: जवळीक माणसाला गप्पही बसवते. तालुक्यात पुढारी, संस्थाचालक, जातभाई सगळे ओळखीचे असतात. त्यांच्याविरुद्ध बोलणाऱ्याची नोकरी जाऊ शकते. बोलण्यापायी जीवही जाऊ शकतो: नरेंद्र दाभोलकर २०१३ मध्ये पुण्यात मारले गेले. गोविंद पानसरे यांच्यावर २०१५ मध्ये कोल्हापुरात त्यांच्या घराजवळच गोळ्या झाडल्या गेल्या. म्हणून एकट्या व्यक्तीच्या धैर्यावर भिस्त ठेवणे अन्यायाचे आहे. राजवाड्यांचे कागद टिकले ते मंडळामुळे. गुरुजींचा आवाज पोहोचला तो वर्गणीदारांच्या साप्ताहिकामुळे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले आणि त्याच गावात विद्रोही संमेलनही झाले. दोन्हीकडे श्रोते होते, म्हणजे खानदेशाची भूक अजून शाबूत आहे. उणीव आहे ती संमेलनाचा मांडव उतरल्यानंतर वर्षभर चालणाऱ्या व्यवस्थेची: प्रश्नोत्तरांना खुले वाचनालय, लिहिणाऱ्या शिक्षकाला संरक्षण देणारे महाविद्यालय, वाचकांच्या पैशावर चालणारे स्थानिक पत्र. विचारवंत कुठे गेले असे विचारणाऱ्या समाजाने आधी त्यांना प्रश्न विचारायची जागा बांधावी, आणि उत्तर कटू निघाले तरी ते देणाऱ्याच्या पाठीशी उभे राहावे.