लाकडी बैल आणि मुलांचे हात

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, विदर्भात तान्हा पोळा भरतो. वाशीम जिल्ह्यातील धनजसारख्या गावापासून नागपूरपर्यंत मुले चाकांवरचे लाकडी बैल सजवून ओढीत नेतात. हा बैल आपण बहुधा बाजारातून आणतो. तो मुलानेच तयार केला तर?

सुतारकाम हा सुताराचा धंदा. सुशिक्षितांच्या मुलांस त्याचे काय प्रयोजन, असा समज आपल्यात रूढ आहे. फिनलंडने इ. स. १८६६ साली खेड्यांतील शाळांत मुलग्यांना हस्तव्यवसाय सक्तीचा केला, तो सुतार निर्माण करण्यासाठी नव्हे. हात, डोळा व बुद्धी यांची घडण एकत्र व्हावी म्हणून. आपल्या विदर्भातच, वर्धा येथे २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसायाच्या द्वारे शिक्षण देण्याचा विचार मांडला. त्यानंतर झाकीर हुसेन समितीने आखलेल्या योजनेत सुतारकामासही स्थान मिळाले.

श्रोतेहो, प्रारंभ अगदी साधा असावा. चार-पाच वर्षांच्या मुलास पांगाऱ्यासारख्या मऊ लाकडाचा तुकडा व काचकागद द्यावा. लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासले तर ते गुळगुळीत होते, आडवे घासले तर ओरखडे उठतात, हे त्याला बोटांनीच उमगते. पुढे हलकी हातोडी द्यावी. मोठ्या माणसाने गिरमिटाने आधी बारीक भोक पाडून ठेवावे, म्हणजे खिळा आपोआप उभा राहतो व मुलाची बोटे दूर राहतात. सहा-सात वर्षांच्या मुलास लहान करवत चालेल; मात्र लाकूड शिकंज्यात घट्ट आवळलेले असावे व वडील माणसाने जवळ उभे राहावे. करवत धारदारच हवी. बोथट हत्यारास जोर लावावा लागतो आणि जोराच्या भरात हात निसटतो.

आता बैल. धडास एक ठोकळा, शिंगांस दोन काड्या, पायांखाली फळी व तिला चार चाके. चाकाचे भोक मध्यापासून ढळले की बैल हेलकावे खात चालतो. तेव्हा ते चाक आपण दुरुस्त करून देऊ नये. चूक लाकडानेच दाखविली आहे. तीत कोणाचा राग नाही, कोणाची शिक्षा नाही. वर्तुळाचा मध्य कोठे असतो, हे मूल दोऱ्याने मोजून स्वतःच शोधील.

एक चाक सरळ बसविण्यासाठी ज्याने तीनदा भोक पाडले, त्या मुलास घरी आलेल्या सुताराशी आपण मजुरीची घासाघीस केलेली खटकेल. तशी ती खटकावी, यासाठीच हा खटाटोप.