गाणं आवडलं, पण का?

पनवेलहून सुटलेली हार्बरची लोकल सीएसएमटीला पोचायला सव्वा तासाहून जास्त वेळ घेते. डब्यातल्या कितीतरी प्रवाशांच्या कानात तेवढा वेळ गाणी चालू असतात. पनवेलच्या फडके नाट्यगृहात कार्यक्रम होतात, हळदीला आगरी गाण्यांचा दणका असतो. ऐकायला काही कमी नाही. कमी आहे ती ऐकलेल्यावर स्वतःपुरत्या चार ओळी लिहिण्याची सवय. ती सुटली असेल तर पुन्हा धरावी, असं माझं म्हणणं आहे. आपल्याला काय आवडतं हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. का आवडतं, हे मात्र बहुधा लिहायला बसल्यावरच कळतं.

हे ‘का’ लिहून काढणाऱ्यांपैकी एक संगीत समीक्षक वामनराव देशपांडे, पेशाने चार्टर्ड अकाउंटंट. त्यांचं ‘घरंदाज गायकी’ १९६१ साली आलं. स्वर आणि लय ही दोन टोकं धरून त्यांनी घराणी मांडली: किराणा स्वराच्या बाजूला, आग्रा लयीच्या बाजूला आणि समतोलाच्या जागी जयपूर. आता ते स्वतः मोगूबाई कुर्डीकरांकडे, म्हणजे जयपूर परंपरेत शिकलेले. निकाल आधी ठरला आणि पुरावा मागून आला, अशी शंका वाचकाला येणारच. पण ती घेता येते, कारण त्यांनी आपली मोजपट्टी उघड केली. ‘मला जयपूर भावतं’ एवढंच म्हटलं असतं, तर वाद कशाशी घालणार? पनवेलजवळच्याच पेणला जन्मलेल्या संगीतकार यशवंत देवांनी ‘शब्दप्रधान गायकी’त दुसरी पट्टी दिली: भावगीताचा सूर शब्दाच्या अर्थाला धरून हवा. दोन्ही पट्ट्या एकाच गाण्याला लावून बघाव्यात. उत्तरं वेगळी येतात.

ही जाणकारांची कामं, आम्हाला राग ओळखता येत नाही, असं कुणी म्हणेल. रागाचं नाव लिहायचंच नाही. ढोलकी कुठे शिरली, कोणता शब्द ओढला, कुठे कंटाळा आला, एवढं पुरे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आवड ती आवड, कारणं देऊन ती बदलते थोडीच? नसेल बदलत, पण तिच्यातली भेसळ निवडता येते. सूर किती, पडद्यावरचा नट किती, आणि आपलं कॉलेजचं वय किती! नावडीचंही तसंच. आगरी लग्नात धवलारीण एकेका विधीला धवले, म्हणजे विधीची गाणी, गाते. चालीतली नवलाई शोधणाऱ्याला ते एकसुरी वाटतील. मात्र ‘एकसुरी’ लिहून झाल्यावर पुढचं वाक्य लिहावं लागतं, आणि तिथे प्रश्न उभा राहतो की हे गाणं मैफलीसाठी आहे की विधी पुढे नेण्यासाठी. त्यानंतरही धवले आवडणार नाहीत कदाचित. पण नावड निदान योग्य कारणासाठी असेल.

राहिलं मोबाइलचं अ‍ॅप. वर्षभराची यादी ते चोख देतं, मग वही कशाला? अ‍ॅपला वाजलेलं कळतं. डुलकी लागल्यावर वाजत राहिलेलं आणि जीव ओतून ऐकलेलं त्या यादीच्या हिशेबी सारखंच, आणि पुढची गाणी सुचवताना हा हिशेबही धरला जातो. मित्राच्या आग्रहाखातर पूर्ण ऐकून मनातल्या मनात नाकारलेलं गाणंही त्या हिशेबात वाजलेलं म्हणूनच मोजलं जातं. वहीत त्याच्यापुढे नकाराचं कारण लिहिता येतं, शेजारी तारीख टाकता येते, आणि पाच वर्षांनी मत फिरलं तर ते नेमकं कशावरून फिरलं हेही ताडून पाहता येतं.