मिठागरातील तांबडे पाणी

कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की थोड्याच वेळात त्यांना पाणी सुटते, हे गृहिणींना सांगावयास नको. पेशीतील पाणी बाहेरच्या मिठाकडे ओढले जाते. मग समुद्राहून कितीतरी पट खारट अशा मिठागराच्या पाण्यात एखादी एकपेशी वनस्पती जगते तरी कशी?

१८३८ साली दक्षिण फ्रान्समधील मिठागरांच्या तांबड्या पाण्यात मिशेल फेलिक्स द्युनाल यांना असे एक सूक्ष्म शैवाल आढळले. १९०५ साली त्यांच्याच नावावरून त्याला ‘डुनालिएला’ हे नाव मिळाले. (जून २०२० मध्ये लोणारचे सरोवर गुलाबी झाले, तेव्हा संशय याच्यावरही गेला होता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत मात्र ती करणी हॅलोआर्किया या क्षारप्रिय सूक्ष्मजीवांची निघाली.)

या शैवालाच्या पेशीस ताठ भिंत नाही, नुसता पातळ पापुद्रा. खारटपणा वाढताच ती आक्रसते; पण काही तासांतच पूर्ववत होते. १९७३ साली बेन-आमोत्झ व आवरोन या इस्रायली शास्त्रज्ञांनी यामागे ग्लिसरॉल असल्याचे दाखविले. थंडीत ओठांना लावतो तेच हे ग्लिसरीन! सूर्यप्रकाशात कर्बवायूपासून साखर करून पेशीने पिष्टाच्या रूपाने शिल्लक टाकलेली असते. संकट येताच ती पिष्ट मोडून ग्लिसरॉल करते आणि त्याच्या बळावर पाणी आत धरून ठेवते. यास उजेडही लागत नाही. हे काम अंधारातही चालते. पुढे पाऊस पडून पाणी गोडावले की ग्लिसरॉलचे पुन्हा पिष्ट! कर्ब तोच, केवळ गरजेप्रमाणे रूप पालटलेला.

उपासमारीची तऱ्हा निराळी. नायट्रोजन संपला की प्रथिने तयार होत नाहीत, वाढ खुंटते. ऊन मात्र कोसळतच असते. तेव्हा कर्ब वळतो तेलाच्या थेंबांकडे आणि त्यांत साठणाऱ्या बीटा-कॅरोटीनकडे. गाजराला रंग देणारे हे द्रव्य शुष्क वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत जाते व पेशीवर जणू छत्री धरते. पश्चिम ऑस्ट्रेलियात हट लगून येथे ते याच शैवालापासून काढतात.

पण उपाशी शैवाल रंग देते, वाढत नाही. अमेरिकेने १९७८ ते १९९६ या काळात शैवालापासून इंधन मिळविण्याचा मोठा प्रकल्प चालविला, तेथेही हीच अडचण आली: उपासाने पेशीतील तेल वाढे, आणि पीक खुंटे.