लेखांक ६ : नराच्या रक्तात गाबोळी

मागच्या आठवड्यात आपण मेलेले मासे मोजले. ९६ तासांत निम्मे मासे कोणत्या मात्रेला दगावतात, एवढाच त्या चाचणीचा प्रश्न. आजच्या चाचणीत मासे मरू लागले, तर निकालाला अर्थच उरत नाही.

सुरुवात गाबोळीपासून करू. ती आवडीनं तळून खाणाऱ्यांनाही सहसा ठाऊक नसतं, की तिच्यातल्या बलकाचा कच्चा माल बनतो मादीच्या यकृतात. अंडाशयातून इस्ट्रोजेन सुटलं की यकृताला सांगावा पोचतो. ते व्हायटेलोजेनिन नावाचं प्रथिन रक्तात सोडतं आणि वाढती अंडी ते उचलून घेतात. गंमत म्हणजे या प्रथिनाचं जनुक नराकडेही असतं. सांगावाच येत नाही, म्हणून ते जवळजवळ गप्प असतं. मग नराच्या रक्तात हे प्रथिन भरपूर सापडलं, तर खोटा सांगावा बाहेरून आला असणार.

तो आला होता ब्रिटनच्या नद्यांत. जॉन सम्प्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांडपाणी प्रक्रिया केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात ट्राउट मासे पिंजऱ्यात ठेवले. नरांच्या रक्तात व्हायटेलोजेनिन भसाभस वाढलं. हे १९९४ साली प्रसिद्ध झालं. पुढे त्या पाण्यात सापडली बायकांच्या शरीरातून येणारी नैसर्गिक इस्ट्रोजेन्स आणि गर्भनिरोधक गोळीतलं एथिनिलइस्ट्रॅडिओल.

२००९ पासून ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २२९ आणि २३० क्रमांकांच्या चाचण्यांत हेच प्रथिन मोजतात. मासे २१ दिवस रसायनाच्या पाण्यात राहतात. मासा फॅटहेड मिनो, जपानी मेडाका किंवा झेब्राफिश. झेब्राफिश तर आपल्याकडचाच: गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवरच्या पुस्तकात हॅमिल्टननं १८२२ साली त्याची नोंद केली.

खरी कसोटी शेवटच्या दिवशी. बोटाच्या दोन पेरांएवढ्या माशाचं रक्त ते किती मिळणार? केसासारख्या बारीक नळीत थेंबभर. मादीच्या रक्तात हे प्रथिन मिलिग्रॅममध्ये मोजावं, नराच्या नॅनोग्रॅममध्ये. मादीच्या रक्ताचा नुसता अंश जरी नराच्या नमुन्यात गेला, तरी निरुपद्रवी रसायन गुन्हेगार ठरेल. म्हणून या चाचणीचा अहवाल वाचताना मी आधी नमुने कसे घेतले तेच पाहतो.

मादीतली घट त्याहून फसवी. प्रोक्लोराझ हे बुरशीनाशक ज्या विकरामुळे इस्ट्रोजेन बनतं त्यालाच अडवतं, म्हणून मादीचं व्हायटेलोजेनिन उतरतं. पण यकृत बिघडलेल्या किंवा उपाशी मादीचंही उतरतं! अशा वेळी दुसरी साक्ष लागते. फॅटहेडच्या नराच्या तोंडावर विणीच्या काळात पुटकुळ्या येतात. नराच्या संप्रेरकासारखं वागणारं ट्रेनबोलोन दिल्यावर त्या मादीच्याही तोंडावर उगवतात. झेब्राफिशमध्ये अशी मोजता येणारी खूण नाही, तिथे हा आधार सुटतो.

नराच्या रक्तात बलक आला म्हणून बिघडलं काय, असं विचारणारे असतातच. कॅनडात ओंटारिओतल्या एका प्रायोगिक तलावात २००१ ते २००३ गोळीतलं तेच संप्रेरक सोडलं, लिटरमागे ५-६ नॅनोग्रॅम. नरांमध्ये व्हायटेलोजेनिन वाढलं, वृषणं बिघडली आणि फॅटहेड मिनो तिथून जवळजवळ नाहीसा झाला. सोडणं थांबल्यावर काही वर्षांनी तो पुन्हा वाढला.

पुढच्या आठवड्यात थायरॉईड. आणि त्यासाठी माशाऐवजी बेडकाची पिल्लं.