ओखामंडळचे शंख-शिंपले

नारायणगुड्यापासून समुद्र दूर आहे. तरीही येथील मराठी देवघरांत शंख पिढ्यान्‌पिढ्या नांदत आला आहे. तो कोणत्या किनाऱ्यावरचा, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. असे प्रश्न शास्त्रीय रीतीने जेथे विचारले गेले, त्या उत्तरेकडील किनाऱ्याची हकीकत आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. तिच्यामागे एका मराठी राजाची दृष्टी होती.

काठेवाडच्या वायव्य टोकाचा ओखामंडळ प्रांत बडोदे संस्थानाच्या ताब्यात होता. द्वारका व बेट ही तीर्थस्थाने याच प्रांतातील. तेथील समुद्रापासून कोणते उत्पन्न होण्याजोगे आहे, हे जाणण्यासाठी महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या सरकारने जेम्स हॉर्नेल या सागरी जीवशास्त्रज्ञाकडून १९०५-०६ मध्ये पाहणी करविली. अहवालाचे दोन भाग १९०९ व १९१६ साली प्रसिद्ध झाले. हेतू महसुलाचा असला, तरी त्यातून किनाऱ्यावरील जीवांची नोंदवही तयार झाली.

शंखात राहणारा प्राणी मृदुकाय वर्गातला. तो वाळूत राहतो व तेथील कृमींवर जगतो. तुतिकोरीनकडे शंखासाठी पाणबुड्यांस बुडी मारावी लागे. ओखामंडळात ओहोटीला खडकाळ पट्टा उघडा पडत असल्याने लोक पायी फिरून शंख वेचीत. बहुतेक शंखांची वळणे एकाच दिशेची असतात. उलट वळणाचा शंख अतिशय विरळा. त्यालाच आपण दक्षिणावर्ती म्हणून पूज्य मानतो.

या शंखाचा व्यवहार फार जुना आहे. द्वारकेजवळील नागेश्वर येथे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाने १९८० नंतरच्या दशकात उत्खनन केले, तेव्हा हडप्पाकालीन शंखकामाचे केंद्र उजेडात आले. शंखाच्या बांगड्या आणि दुसऱ्या एका मोठ्या शिंपल्याचे पळे तेथे घडविले जात. हजारो वर्षे माणूस या किनाऱ्यावरून उचलीतच आला. मोजून लिहून ठेवण्याची वेळ मात्र फार उशिरा आली.

अशी मोजणी दिसते तितकी सोपी नसते. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला, पाणी परतण्यापूर्वीच्या थोड्या तासांत, ठरावीक मापाच्या चौकटीतील प्राणी मोजावे लागतात. जिवंत किती, रिकामे किती, हे वेगळे लिहावे लागते. उलटलेला दगड पुन्हा पूर्ववत ठेवावा लागतो, नाहीतर त्याखालचे जीव उन्हाने मरतात.

पुढे कच्छच्या आखातात बंदरे आली, कारखाने आले, तेलाची वाहतूक वाढली. १९८२ साली आखाताचा काही भाग सागरी राष्ट्रीय उद्यान म्हणून राखला गेला. पूर्वी काय होते याची नोंदच नसेल, तर काय नाहीसे झाले हे कशावरून ठरवावे? शंभर वर्षांपूर्वीच्या अहवालाचे मोल येथे आहे.

म्हणून आमची एवढीच विनंती : मुलांना घेऊन समुद्रावर जाल तेव्हा जिवंत शिंपला उचलू देऊ नका. रिकाम्या शिंपल्यातही कधी खेकडा बिऱ्हाड करून असतो, तेव्हा आत पाहून घ्या. राखीव किनाऱ्यावरून तर काहीच आणू नये. आणि घरी जुने शंख-शिंपले असतील, तर ते कोठून व कधी आले हे वडीलधाऱ्यांना विचारून चिठ्ठीवर लिहून ठेवा. ठिकाण व तारीख असली, की शोभेची वस्तूही अभ्यासाचे साधन होते.